मुलांच्या डब्याला जपानी बेंतो, बेळगावच्या सामानात – सकाळी झटपट काय काय होतं?

गोवावेसची_आई
नमस्कार मंडळी. शाळा सुरू झाल्या आणि सगळ्या ग्रुपवर परत तोच विषय, उद्या डब्याला काय. म्हटलं धागाच काढूया, सगळ्यांचं एका जागी राहील.

मी दोन्ही मुलांना (मोठा चौथीत, धाकटी युकेजीत) आठवड्यातले बरेच दिवस जपानी बेंतोच्या पद्धतीनं डबा देते. बेंतो म्हटलं की लोकांना भाताचा पांडा, समुद्री पानाचे डोळे, गाजराची फुलं असले फोटो आठवतात आणि एवढा वेळ कुणाला आहे म्हणून सोडून देतात. खरं तो त्यातला एक प्रकार झाला, क्याराबेन म्हणतात त्याला, तिकडच्या आया पण रोज तसलं करत बसत नाहीत. रोजचा बेंतो एकदम साधा. छोटा डबा, त्यात भात, एक पोटाला आधार देणारं, दोनेक भाज्या, जरासं आंबट-खारट, सगळं कोरडं, एका घासाच्या आकाराचं, गार खाल्लं तरी चांगलं लागणारं आणि डबा दप्तरात आडवा झाला तरी हलणार नाही असं दाबून भरलेलं. बस्स.

मला यात पटलं ते म्हणजे सगळा विचार पोराच्या बाजूनं केलाय. मधल्या सुट्टीत नळावर हात धुवून येईस्तोवरच निम्मा वेळ जातो, राहिलेल्या वेळात त्यानं चपाती मोडायची, भाजीचं तेल सांभाळायचं, शेजारच्याशी बोलायचं आणि खेळायला पण पळायचं. मग अर्धा डबा परत येतो आणि आपण म्हणतो जेवत नाही. तेच जिन्नस छोटे करून दिले की हाताला लागेल ते तोंडात जातं, माझ्याकडं तरी हा फरक सरळ दिसला.

मापाचं सांगते, ते खूप कामाचं आहे. जपानात डबा भरायची एक सोपी रीत शिकवतात, ३:१:२. डब्याची अर्धी जागा भात किंवा तसलं धान्याचं, राहिलेल्या अर्ध्यातला एक भाग अंडं-मासा-डाळ असलं काहीतरी आणि दोन भाग भाज्या. असा घट्ट भरला आणि तळलेलं फार नसलं की डबा जेवढ्या मिलीचा साधारण तेवढ्या कॅलरी होतात, म्हणजे ५०० मिलीच्या डब्यात ५०० च्या आसपास. आपल्या स्टीलच्या डब्यावर मिली लिहिलेलं नसतं, तर पाणी भरून मापाच्या कपानं मोजा एकदा. युकेजीच्या पोरीला मी ४०० चा देते, मोठ्याला ६०० चा. आपण मायेनं मोठा डबा देतो आणि तो संपत नाही, तिथं निम्मा घोळ असतो.

तुम्ही काय काय देता सांगा, विचारायचं असेल तर विचारा.

शहापूर_गल्ली
छान धागा ताई. खरं माझा भात सुटतो ओ. बासमतीचा गोळा केला, डबा उघडेस्तोवर चुरा. ते जपानी तांदूळ आपल्याकडं कुठं मिळतात? ऑनलाइन बघितलं तर किलोचा दर बघूनच बंद केलं.

खानापूरची_लेक
अहो जपानी तांदूळ कशाला, इंद्रायणी घ्या की. रविवार पेठेत कुठल्याही तांदळाच्या दुकानात मिळतो, आमच्या खानापूर भागात तर घरचा असतो कुणाकुणाचा. बासमती मोकळा होतो कारण त्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज जास्त, जपानी आखूड दाण्यात ते कमी म्हणून दाणे एकमेकांना धरून राहतात. इंद्रायणी, आंबेमोहोर हे त्याच बाजूचे, मऊ आणि चिकट. सोना मसुरीचा पण होतो, खरं जरा जास्त शिजवावा लागतो.

मी करते ते सांगते. इंद्रायणी धुवून अर्धा तास भिजत, एक वाटीला पावणेदोन ते दोन वाटी पाणी, तांदूळ नवा असला तर पावणेदोनच. कुकर उतरला की भात ताटात पसरायचा. कोमट झाला पाहिजे, एकदम गार झाला तर गोळा धरत नाही आणि गरम असताना हाताला चटके. एका वाटीत पाणी घ्यायचं, दोन्ही तळवे ओले करायचे, बोटाच्या टोकानं चिमूटभर मीठ घेऊन तळव्यावर पसरायचं. मग मूठभर भात घ्यायचा, अंगठ्यानं मधे खळगा करायचा, आत जे घालायचं ते घालून बंद करायचा. आता एक हात खाली सपाट, वरचा हात छपरासारखा वाकवायचा आणि दाबून फिरवायचं, दाबून फिरवायचं, तीन-चार वेळा फिरवलं की त्रिकोण होतो. लाडूसारखं जोर लावून आवळायचं नाही, बाहेरून घट्ट आणि आत दाणा दाणा राहिला पाहिजे. ही झाली ओनिगिरी. मीठ भातात कालवलेलं नसतं, बाहेरून लागतं, म्हणून पहिल्याच घासाला चव येते.

आत ते लोक उमेबोशी घालतात, खारवलेलं आंबट फळ असतं. आपल्याकडं त्या जागेला आमसूल अगदी चपखल बसतं. धुवून, पाण्यात जरा मऊ करून, मीठ-साखर चोळून अर्धं आमसूल मधे ठेवायचं. भाताला गुलाबी डाग पडतो, मुलांना तो शोधायला आवडतो. लिंबाच्या गोड लोणच्याची फोड पण चालते.

गोवावेसची_आई
@खानापूरची_लेक आमसुलाचं एक नंबर. मी बाहेरून शेंगदाण्याची चटणी लावते. जपानी लोक भातावर फुरिकाके म्हणून एक कोरडं मिश्रण भुरभुरतात, तीळ, समुद्री पान, वाळक्या माशाचा चुरा, मीठ असलं. आपली शेंगा चटणी, कारळाची चटणी, जवसाची चटणी ही सगळी तीच कामं करतात आणि बेळगावात कुठल्या घरात बरणी नाही? मासे खाणाऱ्यांनी भाजलेल्या सुकटीची कोरडी चटणी लावून बघा, खरं तिखट कमी करून, आणि शाळेत चालत असेल तरच.

चिकोडी_काकू
बायांनो वाईट वाटून घेऊ नका, खरं पोरांना गार भात द्यायचा मला काय पटत नाही. आमच्या वेळी गरम भाकरी-भाजी बांधून द्यायचो. आणि भात सकाळी सातला करून दुपारी खायचा म्हणजे आंबत नाही व्हय? पावसाळ्यात सर्दीनं पोरं आधीच हैराण असत्यात.

रानमेवा
काकू तुमचा प्रश्न बरोबर आहे, हा विषय कुणीतरी काढायलाच पाहिजे होता. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेय, जरा सविस्तर लिहिते.

भात शिजवला तरी त्यात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, ते विष परत गरम करून सुद्धा जात नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा सगळा पट्टा धोक्याचा. म्हणजे भीती गार भाताची नाही, कोमट भाताची आहे. आपण गरमागरम भात डब्यात कोंबतो, झाकण लावतो, वर पिशवी, तो डबा दप्तरात तीन-चार तास छान कोमट राहतो आणि झाकणाला पाणी सुटून भातावर पडतं. जपानी बायका नेमकं हेच टाळतात. सगळं आधी ताटात पसरून गार करायचं, वाटलं तर पंख्याखाली धरायचं, वाफ पूर्ण गेली की मगच डब्यात आणि मगच झाकण. ही एक गोष्ट पाळली तरी खूप झालं.

बाकीचं पण महत्त्वाचं. भात सकाळचाच पाहिजे, रात्रभर ओट्यावर राहिलेला अजिबात नको. फ्रिजमधला भात टणक होतो, त्याची ओनिगिरी चांगली लागत नाही. रात्री केलेली उसळ-भाजी फ्रिजमध्ये ठेवून सकाळी वाफा येईपर्यंत गरम करा, मग गार करून भरा. अंडं आतून ओलं ठेवायचं नाही. टोमॅटोचं देठ काढून, धुवून, पुसून घाला, देठापाशी घाण राहते. मार्च-एप्रिलच्या उन्हात ओलं खोबरं, दही घातलेला भात, मेयोनिज हे टाळलेलं बरं. उन्हाळ्यात फ्रीजरमध्ये गोठवलेली छोटी पाण्याची बाटली डब्याच्या पिशवीत डब्याला टेकून ठेवा, पाणी पण होतं आणि डबा पण गार राहतो. आमसूल, लोणचं यांच्या मिठा-आंबटानं थोडी मदत होते, खरं तेवढ्यावर विसंबू नका.

आणि लहान मुलांसाठी एक. अख्खी द्राक्षं, चेरी टोमॅटो पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, उभी चार फोडी करून द्या. अख्खे शेंगदाणे पण नकोत. आणि फोटोत दिसतात म्हणून टूथपिक टोचून देऊ नका, वर्गात पळापळ असते.

चिकोडी_काकू
हे झाकणाचं खरं हाय, गरम भरलेल्या डब्याला वास येतो परत आल्यावर. आता नातीच्या डब्याला गार करून बघते. भाकरीचं पण कुणीतरी सांगा, आमच्यात भात कमी.

अथणीकर
काकू, आमच्याकडं पण ज्वारीच. भाताच्याच मागं लागायचं कारण नाही, जपानी मुलं सँडविच पण नेतात, नूडल्सचा पण बेंतो असतो. धान्याची अर्धी जागा भरली म्हणजे झालं.

आमच्या घरी ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, कांदा, कोथिंबीर, तीळ घालून थालीपीठ थापतात आणि वाटीनं छोट्या चकत्या पाडून तव्यावर भाजतात. उभ्या रचल्या की डब्यात सहा-सात बसतात. मधे शेंगा चटणी तेलात कालवून लावायची, दोन चकत्या एकमेकीवर, मुलाला हातात धरून खाता येतं. कडक भाकरी द्यायची असली तर तुकडे करून वेगळ्या डबीत द्या, भाजीच्या शेजारी ठेवली तर मऊ पडून वातड होते. बाजूला मोडाच्या मटकीची कोरडी उसळ, रस अजिबात नको, शेवटी जरा दाण्याचं कूट घातलं की सुटलेलं पाणी पिऊन घेतं.

कॅम्पातला_बाबा
आमच्याकडं सकाळचा डबा माझ्याकडं असतो, बायकोची ड्युटी लवकरची. दोघंही मुलं तामागोयाकीवर खूश आहेत. दोन अंडी, चमचाभर दूध किंवा पाणी, अर्धा चमचा साखर, चार थेंब सोया सॉस, फेटायचं. तवा मध्यम, तेलाचा हात फिरवायचा, पातळ थर ओतायचा, वरचं ओलसर असतानाच एका बाजूनं गुंडाळत न्यायचं. गुंडाळी कडेला सरकवून परत तेल, परत थर, नवीन थर गुंडाळीच्या खाली पण जाऊ द्यायचा आणि त्याच्यासकट परत गुंडाळायचं. तीन थरात संपतं. जपानी चौकोनी तवा नाही माझ्याकडं, गोल तव्यावर टोकं निमुळती होतात, ती मी खातो. गार झाल्यावर बोटभर जाडीच्या चकत्या, आत गोल गोल रेषा दिसतात.

प्रश्न असा की धाकट्याच्या शाळेत अंडं चालत नाही, सर्क्युलर आलंय. त्याला काय देऊ?

गोवावेसची_आई
@कॅम्पातला_बाबा दादा, बेसनाचं पोळं त्याच रीतीनं गुंडाळा. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, हळद, मीठ, चिमूटभर साखर, किसलेलं गाजर, धिरड्यापेक्षा पातळ. थर ओलसर असताना गुंडाळायचं नाही, बेसन कच्चं राहतं, प्रत्येक थर वरून सुकला की मगच गुंडाळा. रंग पण पिवळाच येतो. पनीरच्या लांब फोडी तव्यावर तीळ लावून भाजल्या तरी चालतात. अप्पे तर आहेतच, उडदाच्या पिठाचे अप्पे गार सुद्धा मऊ राहतात आणि एका घासाचे, डब्यासाठीच केल्यासारखे.

निपाणीवाला
माझा भाऊ नागोयाला असतो, त्याची मुलगी तिथं प्राथमिक शाळेत आहे. एक गोष्ट ऐकून मला आश्चर्य वाटलं, तिथं बहुतेक सगळ्या प्राथमिक शाळांत डबा न्यायचाच नसतो. शाळेतच गरम जेवण, त्याचा कायदा १९५४ चा आहे, मुलंच पांढरा कोट-टोपी घालून एकमेकांना वाढतात आणि वर्गातच बाईंबरोबर जेवतात. म्हणजे आपल्या सरकारी शाळेतल्या बिसी ऊटासारखंच (दुपारचं गरम जेवण) झालं की. बेंतो लागतो तो बालवाडीत, सहलीला, शाळेच्या क्रीडादिनाला आणि पुढं हायस्कूलला. त्यामुळं तिकडच्या आया रोज पहाटे उठून कलाकारी करतात असं मनाला लावून घेऊ नका कुणी.

वहिनीची एक युक्ती सांगतो. ती रविवारी दोन-तीन कोरड्या भाज्या करते आणि सिलिकॉनच्या छोट्या वाट्यांत एकेक घास भरून फ्रीजरला टाकते. सकाळी हव्या तेवढ्या वाट्या काढून मायक्रोवेव्हला चांगल्या कडक गरम करून, गार करून डब्यात. इकडं त्या वाट्या केकच्या सामानाच्या दुकानात मिळतात, मफिनच्या म्हणून मागा.

शहापूर_गल्ली
भाज्यांचं सांगा ना कुणीतरी. मुलगा हिरवं बघितलं की डबा बंद करतो.

गोवावेसची_आई
भाजीसाठी मला जपानी पद्धत फारच आवडते, कारण फोडणीच नसते. बीन्स (आपल्याकडच्या कोवळ्या) मिठाच्या पाण्यात तीन मिनिटं उकळायच्या, लगेच गार पाण्यात, म्हणजे हिरव्यागार राहतात. निथळून कोरड्या करायच्या, बोटभर तुकडे, वर भाजलेल्या तिळाचा भरड कूट, चिमूटभर साखर, दोन थेंब सोया सॉस. सोया नसेल तर नुसतं मीठ. तिळाच्या वासानं पोरं खातात. गाजराच्या काड्या तिळाच्या तेलात परतून, साखर-सोया-तीळ घातलं की दुसरी भाजी. ते लोक यात गोबो नावाचं मूळ पण घालतात, आपण नुसतं गाजर.

आणि रताळं! आपल्या बेळगावच्या रताळ्याला तोड नाही आणि जपान्यांचा पण रताळ्यावर तेवढाच जीव. दाइगाकु इमो म्हणून करतात ते लोक, रताळ्याच्या फोडी तळून साखरेच्या पाकात घोळवून वर काळे तीळ. मी तळत नाही. रताळ्याच्या सालासकट तिरक्या फोडी करते, चमचाभर तुपात झाकण ठेवून मंद आचेवर मऊ करते, मग झाकण काढून कडा तांबूस होऊ देते. गॅस बंद करून चमचाभर किसलेला गूळ आणि दोन चमचे पाणी घालायचं, तव्याच्या उष्णतेनंच गूळ विरघळून फोडींना चिकटतो, वरून काळे तीळ. गार झाल्यावर वरून जरा कुरकुरीत, आत भुगभुगीत. लाल सालाचं रताळं घ्या, डब्यात रंग सुंदर दिसतो. तुमच्या मुलाला पहिल्यांदा हे द्या, हिरवं नंतर एकेक तुकड्यानं वाढवा. ज्या दिवशी नवीन काही देते त्या दिवशी बाकी सगळं त्याच्या आवडीचं ठेवते, म्हणजे उपाशी राहत नाही.

खानापूरची_लेक
सकाळचा क्रम कसा लावता ताई? मला पावणेआठला रिक्षा.

गोवावेसची_आई
रात्री: तांदूळ धुवून फ्रिजमध्ये भिजत, भाज्या चिरून, तिळाचा कूट तयार. सकाळी उठल्या उठल्या कुकर, कारण भात गार व्हायलाच वेळ लागतो. कुकर होईपर्यंत एका शेगडीवर बीन्स, दुसऱ्यावर अंडं किंवा पोळं. सगळं ताटात काढून पंख्याखाली, तोवर मुलीच्या वेण्या. मग भरायचं. आधी भात, मग मोठा जिन्नस, मग भाज्या आणि शेवटी फटी बुजवायच्या, टोमॅटोच्या फोडी, काकडी, एखादा डाळिंबाचा चमचा. फट राहिली की रिक्षात सगळं एका कोपऱ्यात जाऊन बसतं. हाताचं काम वीस-पंचवीस मिनिटांचं, बाकी वेळ गार होण्याचा.

शहापूर_गल्ली
आणि डबा कसला? ते कप्प्यांचे प्लास्टिकचे रंगीत डबे घेऊ काय?

निपाणीवाला
मुद्दाम घ्यायची गरज नाही. खडेबाजारात भांड्यांच्या दुकानात क्लिपचा चपटा स्टीलचा डबा मिळतो, रबर चांगलं बघून घ्या, झाकण बसवून पाणी भरून उलटा करून बघा दुकानातच. कप्पा नसला तरी चालतं. जपानी डब्यात हिरवं प्लास्टिकचं गवत दिसतं ना, ते पूर्वी खरी पानं असायची, एका जिन्नसाची चव दुसऱ्याला लागू नये म्हणून. आपल्याकडं परसात केळ असतेच, पान धुवून, विस्तवावर जरा फिरवून मऊ केलं की हवं तसं कापता येतं. श्रावणात हळदीची पानं असतात, त्यांचा वास भाताला लागतो तो वेगळाच.

चिकोडी_काकू
हळदीच्या पानाचं मस्त सांगितलासा. आज नातीला थालीपिठाच्या चकत्या, मटकी आणि रताळं दिलं, सगळं गार करून. डबा पुसून परत आला, आणि म्हणते मैत्रिणीला पण पाहिजे, उद्या जास्त दे. आता आषाढी येते, तिला हौसेनं उपास धरायचाय. उपासाचं असलं काय होतंय काय?

खानापूरची_लेक
होतंय की काकू, आणि फार सोपं. वरईचा भात गार झाला की आपोआप घट्ट होतो, त्याचे ओल्या हातानं गोळे छान वळतात. एक वाटी वरईला दोन वाटीच पाणी घाला, नेहमीसारखा मऊ केला तर गोळा आकार धरत नाही. आत दाण्याचं कूट, मीठ आणि आमसूल. तुमच्यात उपासाला तीळ चालत नसतील तर रताळ्यावर नुसता गूळ. काकडीच्या चकत्या मीठ न लावता द्या, नाहीतर पाणी सुटतं. एका कोपऱ्यात राजगिऱ्याची वडी, तेवढ्यात ४०० मिलीचा डबा भरतो.